हवं असणं, नसणं

नगरपालिकेच्या शाळेत मी दुपारी बायकांना इंग्रजी शिकवते. परवा 'वाँट' हा शब्द घेतला. वाँट म्हणजे हवं असणं, असं सांगून प्रत्येकीला एक वाक्य लिहायला लावलं. कुणी साडी लिहिली, कुणी घर. शकुंतलाताईंची वही मात्र कोरीच राहिली. त्यांचा एकुलता एक मुलगा सुनील गेल्या वर्षी अपघातात गेला.

"लिहा ना, ताई."

"जे मिळण्यासारखं आहे तेच हवं म्हणायचं ना, मॅडम?"

मला शब्दकोशात वाचलेलं आठवलं.

"ताई, फार पूर्वी वाँटचा अर्थ हवं असणं नव्हताच. नसणं, उणीव असणं, एवढाच होता. हवं असणं त्यातून नंतर आलं."

बोलताना माझं मलाच जाणवलं, की उणीव आधी येते आणि मागणं नंतर. काही उणिवांपर्यंत मागणं पोचतच नाही.

शकुंतलाताईंनी पेन घट्ट धरून सावकाश अक्षरं काढली आणि वही माझ्याकडे सरकवली. 'आय वाँट सुनील.'

मी वाक्याखाली बोट ठेवून ते पुन्हा वाचलं.

"चुकलं का, मॅडम?"

"नाही, ताई," मी म्हणाले, "अगदी बरोबर आहे."