काकांच्या टकलावरची नीळ

"वर कोणी राहतं तरी का हो?"

खालच्या काकूंचा हा प्रश्न बाथरूमच्या डक्टमधून वर आला तेव्हा मी दात घासत होते. अंबरनाथ पश्चिमेच्या या फ्लॅटमध्ये मला एकटीला राहून आठ महिने झाले होते. फ्लॅट मावशीचा, ती मुलाकडे परदेशी गेलेली. काका-काकू जिन्यात भेटले की मी हसायचे. तोंड मिटून हसायचे, त्यामुळे त्यांना ते बहुधा दिसत नसावं.

"राहत असणार," काका म्हणाले. "छताला ओल आलीये. भूत कशाला आंघोळ करेल?"

उत्तर सोपं होतं, 'मी राहते.' पण तोंडात फेस होता. (फेस थुंकल्यावरही ते आलं नाही, हा भाग वेगळा.)

त्यापेक्षा गळती गुपचूप शोधून काढावी, म्हणजे कोणाशी बोलायलाच नको, असं ठरवून मी मांजर्लीला आईला फोन लावला.

"आई, बाथरूम गळतंय. खालच्यांकडे थेंब पडतात."

"थेंब? आमच्याकडे जोराचा पाऊस झाला की नदी आत येते. सोफा पलंगावर चढवावा लागतो. आणि तू थेंबाचं सांगतेस." मग जरा नरमली. "मोरीच्या जाळीत चमचाभर नीळ ओत. खाली निळं पाणी उतरलं, तर जाळीखालचा सांधा गेलाय समज. पण आधी खाली सांगून ये."

शेवटचं वाक्य मी सोयीस्करपणे विसरले. शाळेत प्रयोगाला मार्क चांगले असायचे, त्यामुळे चमचाभर मला कमी वाटली. अख्खी बाटली ओतली, वर दोन बादल्या पाणी. आता निळं उतरलं की नाही हे बघायला खालीच जावं लागणार, हे बाटली रिकामी झाल्यावर लक्षात आलं.

जावं लागलं नाही. निकाल डक्टमधून वर आला.

"अगं, टॉवेल दे. डोक्यावर काहीतरी पडलं."

"बघू. अगंबाई, तुमचं टक्कल निळं झालंय."

मग काका म्हणाले, "वर कोणीतरी राहतं. नक्की."

पाच मिनिटांत बेल वाजली. दारात काकू, त्यांच्यामागे आकाशी डोक्याचे काका. मी 'सॉरी' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. काकूंनी आधी माझ्या निळ्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून प्लंबर आला. जाळी उचकटून म्हणाला, "जॉइंट गया, मॅडम. दो दिन बाथरूम भूल जाओ."

ते दोन दिवस माझी आंघोळ काकूंकडे. आंघोळीनंतर पोहे, पोह्यानंतर चहा. मी दिसले की काका दोन्ही हातांनी डोकं झाकायचे आणि विचारायचे, "आज कुठला रंग?" मी आठ महिन्यांत बोलले नव्हते तेवढं त्या दोन दिवसांत बोलले. त्यात निम्मं 'हो' आणि 'नको' होतं, पण 'अजून थोडे चालतील' हे पूर्ण वाक्यही होतं.

तिसऱ्या दिवशी सांधा बसला. गळती थांबली. बेलही थांबली. डक्टमधून खालचं हसणं ऐकू यायचं, पण आता त्यात माझं नाव नव्हतं. चार दिवस मी माझ्या कोरड्या, दुरुस्त बाथरूममध्ये गरजेपेक्षा जास्त वेळ दात घासले.

पाचव्या दिवशी खाली गेले. जिन्यात वाक्य पाठ केलं होतं, 'काकू, सहज बसायला येऊ का?'

काकूंनी दार उघडलं. "काय गं, पुन्हा गळतंय?" त्या लगबगीने बाथरूममध्ये जाऊन वर बघून आल्या. "नाही गं. अगदी कोरडं ठाक आहे."

पाठ केलेलं वाक्य जिन्यातच राहिलं होतं. मी म्हणाले, "नीट बघा ना, काकू. थोडं तरी गळत असेल."