अटलांटिकचा उघडा बॉयलर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये जलद प्रवासी गाड्या ओढणारी वाफेची इंजिनं होती. पुढे चार लहान चाकं, मध्ये चार मोठी, मागे पुन्हा दोन लहान. या जातीला अटलांटिक म्हणत. सिंगापूरच्या तुआस भागातल्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही काही हौशी लोक सुट्टीच्या दिवशी जमतो. तिथे तीन वर्षं खपून मी तशा इंजिनाची साडेचार फूट लांबीची, खरोखर कोळशावर चालणारी प्रतिकृती बनवली.

यंदा आई पहिल्यांदाच सिंगापूरला आली. तालुक्याच्या गावी वसतिगृहात स्वयंपाक करून तिने मला इंजिनियर केलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. सोमवारी ती परत जाणार होती, त्याआधी तिने हे इंजिन धावताना बघावं, एवढंच मला हवं होतं. ते देखणं दिसावं म्हणून मी तांब्याच्या बॉयलरला गडद हिरवा रंगही देऊन ठेवला.

आमच्याकडे बॉयलर तपासून शिक्का मारल्याशिवाय कोणी आग पेटवत नाही. तपासणारे अंकल जहाजांच्या बॉयलरवर आयुष्य घालवलेले. शनिवारी सकाळी त्यांनी चष्मा वर केला आणि वाक्याशेवटी 'लाह' जोडणाऱ्या इथल्या इंग्रजीत म्हणाले,

"रंग सुंदर आहे, लाह. पण मला सांधे बघायचेत. काढ तो."

"मी घरी तपासलाय, अंकल."

"मग वाफही घरीच कर."

मला राग आला. सोमवारच्या विमानाचं मी सांगितलं, तरी ते हलले नाहीत. शेजारी उभ्या आईला इंग्रजी कळत नव्हतं.

"काय म्हणतायत ते?"

"रंगाखाली गळती दिसत नाही म्हणतात. सगळा काढावा लागेल."

"बरोबर आहे त्यांचं. वसतिगृहाचा बंब असाच गळत होता. वर काजळीचा थर, कळायचं कसं? पोरांची अंघोळीची वेळ झाली की निखारे विझलेले. मग मी तो घासून काढला, तेव्हा कुठे भोक सापडलं."

दुपारी यिशुनमधल्या माझ्या फ्लॅटमध्ये मी रंग काढायचं रसायन लावून बॉयलर खरवडला. आईने चिंच भिजत घातली आणि मीठ घेऊन खाली बसली. मी म्हटलं, मी घासतो. "तू सांध्यांवर जोर लावशील," म्हणाली. संध्याकाळपर्यंत प्रत्येक सांधा उघडा पडला.

रविवारी अंकलनी बॉयलर पाण्याने काठोकाठ भरला आणि हातपंपाने दाब नेहमीच्या दुप्पट नेला. वीस मिनिटं आम्ही दाबमापकाच्या काट्याकडे बघत होतो. काटा तसूभर हलला नाही. अंकलनी प्रत्येक सांध्यावरून कोरडा कागद फिरवला, तो कोरडाच निघाला. मग हातोडीने शिक्का ठोकला.

"घासला कोणी?"

मी आईकडे बोट दाखवलं. अंकल तिच्याकडे बघून कमरेत वाकले. आई संकोचून पदर सावरत राहिली.

बॉयलर इंजिनावर परत बसवल्यावर आग पेटवायला मी सरळ दगडी कोळसा टाकत होतो. आईने मला बाजूला केलं, आधी लोणारी कोळसा फुलवला. अर्ध्या तासात वाफ धरली. इंजिनामागे जोडलेल्या बुटक्या डब्यात ती मांडी घालून बसली, मी पुढे बसून वाफ सोडली. आवारातल्या रुळांवरून आम्ही तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीनंतर मी थांबवायला लागलो, तर मागून आवाज आला, "कोळसा आहे ना अजून? मग चालू दे."

हिरवा रंग मी पुन्हा दिला नाही.