आप्पांची राहिलेली उडी

सिरसाळ्यात ईश्वरप्पा किराणावाले कोण म्हणून विचारलं, तर ऐकणारा जरा डोकं खाजवील. पण पोहायचे आप्पा म्हणा, शेंबडं पोरगंसुद्धा दुकान दाखवायला पुढं पळेल. वय अडुसष्ट. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पांढरा शर्ट, पांढरं धोतर. उन्हाळ्यात दुकान नवाच्या आत उघडत नाही, कारण सहा ते आठ आप्पा सुंदररावांच्या विहिरीवर असतात. चाळीस वर्षांत गावातली निम्मी माणसं त्यांनी त्या विहिरीत ढकलली आणि सगळीच्या सगळी वर काढली. गोड्या तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावून पोराच्या पाठीला बांधायचा, आणि "शंभो" म्हणून द्यायचं सोडून. पोरगं रडायच्या आत तरंगतं.

आप्पांचे नेम दोनच. पहिला चपलांचा. विहिरीत उतरण्याआधी प्रत्येकानं आपला जोड काठावर ओळीनं मांडायचा, वर आला की घालायचा. शेवटी ओळीत एक जरी जोड उरला, तरी समजायचं की माणूस अजून पाण्यात आहे. पोरं ओरडतील, लपतील, एकमेकांची हजेरी देतील. चप्पल खोटं बोलत नाही, असं आप्पांचं म्हणणं.

दुसरा नेम जरा कडक. कोणी बुडत असलं तर त्याच्यामागं उडी मारायची नाही. आधी दोरी टाकायची, दोरी नसली तर काठी, काठी नसली तर टॉवेल. आप्पा बारा वर्षांचे असताना त्यांच्यादेखत एक भाऊ बुडायला लागला, दुसऱ्यानं मागून उडी घेतली, आणि घाबरलेल्यानं वाचवायला आलेल्याच्या गळ्याला मिठी मारली. दोघंही गेले. दोरी चार हातांवर पडली होती. आप्पा हे पोरांना एकदाच सांगतात, पण असं सांगतात की दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

एवढ्या सगळ्या गावाला पोहायला शिकवलं, राहिल्या फक्त घरच्या नीलम्मा. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, पण बाईनं विहिरीत पाऊल घातलं नाही. म्हणायच्या, "घरात एक बेडूक हाय, तेवढा बास."

गेल्या दिवाळीनंतर आप्पांच्या जुन्या शिष्यांनी ठरवलं की आप्पांना समुद्र दाखवायचा. त्यातला माऊली टेम्पो ट्रॅव्हलर चालवतो. तो म्हणाला, "आप्पा, तुमी आमाला विहीर दाखवली, आमी तुमाला दर्या दाखवतो." चौदा माणसं निघाली. नीलम्मा, नात रुद्राणी, आणि विहिरीचे मालक सुंदरराव, म्हणजे आप्पांचे पहिलीपासूनचे दोस्त. रात्रभर गाडी चालली आणि सकाळी मालवणकडच्या एका किनाऱ्यावर जाऊन थांबली.

आप्पा खाली उतरले, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, "सुंदर, हिला काठ एकच हाय की बे."

"काठाचं सोड," सुंदरराव म्हणाले, "मोटार कुटं बसवायची ते सांग."

आप्पांनी आधी वाळूत चौदा जोड चपला ओळीनं मांडायला लावल्या. ते बघून पुण्याकडच्या एका कुटुंबाला वाटलं, इथं कसलं तरी देवस्थान दिसतंय. त्यांनीही चपला काढून ओळीत लावल्या, समुद्राला हात जोडले. आप्पांनी ते चार जोड अदबीनं परत नेऊन दिले. हिशेबात परकी चप्पल नको.

तेवढ्यात लाल बनियन घातलेला जीवरक्षक आला. चांगला चाळिशीचा, उन्हानं काळा पडलेला, गळ्यात शिट्टी. त्याला चपलांचा नेम कळला तेव्हा तो खूश झाला. म्हणाला, "असे लोक रोज आले तर माझा अर्धा घसा वाचेल." मग त्यानं आपले नेम सांगितले. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधेच डुंबायचं. कमरेच्या वर पाणी नको. आणि समोरच्या काळ्या खडकांकडं हात करून म्हणाला, "त्या खडपांपलीकडे अजिबात जाव नको, थंय मोरी आसा."

मोरी आहे म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता आपल्याकडं मोरी म्हणजे काय? घरातली अंघोळीची, हातपाय धुवायची जागा. फार तर रस्त्याखालून पाणी जायची नळी. चौदा जणांपैकी एकालाही त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. आप्पांना वाटलं, गावाचं सांडपाणी तिकडून समुद्राला मिळत असेल, पोरांना लांब ठेवलेलं बरं. सुंदररावांना वाटलं, कुण्या बंगलेवाल्याची न्हाणीघराची जागा असेल. परक्याच्या मोरीत आपण कावून जायचं? आणि नीलम्मांनी वाऱ्यामुळं पदर कानावरून घट्ट घेतला होता. त्यांच्या कानात एवढंच शिरलं, की खडकांपलीकडं मोरी आहे.

दोन तास सगळे मनसोक्त डुंबले. सुंदररावांच्या तोंडात लाट गेली तेव्हा ते थुंकत म्हणाले, "लई खारट हाय बे!"

"मग माझ्या दुकानात मीठ कुटून येतं?" आप्पा म्हणाले.

नीलम्मा वाळूत बसून होत्या. पायाला वाळू, निऱ्यांना वाळू, हाताला मिठाचा चिकटा. त्यांना या प्रकाराची मनापासून शिसारी आली. त्यांनी आप्पांनी आणलेला तेलाचा कॅन उचलला, भरून पायावर ओतायला बरा, आणि गेल्या मोरी शोधायला.

निघायची वेळ झाली. एकेक जण आला, चप्पल घालून गाडीकडं गेला. आप्पा ओळीपाशी उभे. शेवटी वाळूत एकच जोड राहिला, हिरव्या पट्ट्यांचा.

"नीलम्मा कुटं हाय?"

"आत्ता हितंच होत्या की," माऊली म्हणाला.

रुद्राणी म्हणाली, "आप्पा, अम्मा पाय धुवायला मोरीकडं गेली."

शेजारी उभ्या जीवरक्षकानं चमकून वळून बघितलं. "कुणाकडे गेली?"

"मोरीकडं. तुमीच सांगितलं न्हाई का, खडकांपलीकडं मोरी हाय म्हणून?"

"आवशी गो!" तो म्हणाला. "काका, मोरी म्हणजे शार्क!"

आप्पा अडुसष्टाव्या वर्षी कसे पळाले, ते माऊली अजून दुकानापुढं पळून दाखवतो. खडकांपलीकडं पाण्याचा छोटा खळगा होता. नीलम्मा गुडघ्याच्या वर पाण्यात, निऱ्या खोचून, कॅन भरून घेत खुशाल उभ्या. आणि त्यांच्या मागं दहा हातांवर कुठल्या तरी माशाचा काळपट पंख पाण्याबाहेर येऊन सावकाश गोल फिरत होता.

जीवरक्षकानं जोरात शिट्टी मारली. नीलम्मांनी मान वर केली आणि हात हलवला. त्यांना वाटलं, हे लोक निघायचं म्हणून बोलवायला आले.

"काकी, पाणी उडवू नका! त्याच्याकडे तोंड ठेवा, सावकाश मागे मागे या!"

नीलम्मांनी वळून बघितलं. आता त्यांना दिसलं ते काय आहे हे कळलं नाही, पण ते आपलं नव्हे एवढं कळलं. पाय जागच्या जागी थिजले. जीवरक्षक बाजूच्या घसरड्या खडकावरून खाली उतरायला लागला. आप्पांचं अंग पुढं झुकलं, एक पाय उचलला गेला, आणि चाळीस वर्षं पोरांना सांगितलेला नेम त्यांच्याच छातीवर हात ठेवून उभा राहिला. आधी दोरी. दोरी नव्हती. काठी नव्हती. टॉवेल गाडीत. आप्पांनी कमरेला हात घातला, नऊ हाती धोतर फर्रकन सोडलं, एक टोक मनगटाला गुंडाळलं आणि दुसरं टोक भिरकावलं. ते बरोबर नीलम्मांच्या खांद्यावर जाऊन पडलं.

"धर! आन माझ्याकडं बघू नको, त्याच्याकडं बघ!"

पण नीलम्मांनी आप्पांकडंच बघितलं. काठावर शर्ट, भस्म आणि निळ्या पट्ट्यांची चड्डी.

"अवो, धोतर!" नीलम्मा ओरडल्या. "लोक बघायलेत की!"

त्या रागानं पायांतला थिजलेपणा कुठल्या कुठं पळाला. हातातला कॅन मागं टाकून, धोतर धरून, बाई चार पावलांत काठाला. त्याच वेळी तो पंख सरकन पुढं आला, कॅनला धडकला आणि वळून खोल पाण्याकडं निघून गेला. खडकावर आल्यावर जीवरक्षक हाश्शहुश्श करत म्हणाला, "पिल्लू आसा. दोन-अडीच हातांचं. चुकून चावतात, पायाला मासा समजून. पण दात काय, पिल्लालाही असतात." लाटेनं कॅन काठाला आणून दिला. त्याच्या खालच्या अंगाला दातांची अर्धगोल नक्षी उमटली होती.

आप्पा धोतर पिळत होते. सुंदरराव म्हणाले, "ईश्वरप्पा, नेसून घे बे. आता मासा न्हाई, माणसं चावतील."

निघण्याआधी आप्पांनी जीवरक्षकाला सांगितलं, की बाबा, तुझ्या सूचनांच्या फळ्यावर नुसतं मोरी लिहू नको. त्यानं लगेच खडू आणला आणि आप्पांनी सांगितलं तसं लिहिलं: मोरी म्हणजे शार्क. पाय धुवायची मोरी पार्किंगजवळ.

एवढ्यावर सगळं संपायला हवं होतं. पण गाडी घाट चढायला लागली आणि नीलम्मांनी विचारलं, "मला एक सांगा. तुमी उडी कावून न्हाई मारली?"

"अगं, नेम हाय. आधी दोरी—"

"नेम पोरांसाठी. मी काय पोर हाय? चव्वेचाळीस वर्षं संसार केला, आन माझ्यापाठी मासा लागला तर हे काठावर उभं राहून कपडे सोडायलेत."

"वाचलीस न्हवं?"

"ते खरं. पन उडी न्हाई मारली."

आप्पांजवळ उत्तर होतं, आणि ते अगदी बरोबर होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. गाडीतल्या बाकीच्या बारा माणसांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

सिरसाळ्यात आल्यावर चावलेला कॅन दुकानात गुळाच्या ढेपेवर टांगला गेला. दहा गावांची माणसं दात मोजून गेली. आप्पांचं नाव झालं, पण घरात काही चैन नव्हती. ताटावर बसून आप्पांनी भाकरी मागितली, की नीलम्मा चुलीपासून म्हणायच्या, "धोतर टाका, देते." पाणी मागितलं तरी तेच. दुकानात गिऱ्हाईक भरलेलं असताना आतून आवाज यायचा, "च्या झालाय, नेमात बसत असंल तर या." आप्पा पाच महिने मान खाली घालून जेवले. सुंदररावांना म्हणाले, "बे, मी चुकलो न्हाई. पन चुकलो असतो तर बरं झालं असतं असं वाटायलंय."

मार्च संपता संपता रुद्राणीनं घरात फर्मान काढलं, की अम्मानं पोहायला शिकायचं. म्हणजे पुढच्या वेळी आप्पांना धोतर सोडायची पाळी येणार नाही. सगळे हसले. नीलम्मा हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सहा वाजता सुनेचा पंजाबी ड्रेस घालून त्या विहिरीवर हजर. पहिले तीन दिवस पायरीवर बसून किंचाळल्या, चौथ्या दिवशी कॅन बांधून पाण्यात आल्या, आणि पंधराव्या दिवशी आप्पांचा हात झटकून विहीर आडवी पार केली. काठावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी डोळे पुसले, वरून म्हणाले की पाणी गेलं.

अठराव्या दिवशी सकाळी आप्पा पाठ करून एका पोरीच्या कॅनची गाठ सोडवत होते. पोरं एकेक करून चप्पल घालून निघाली. गाठ सुटली, आप्पा वळले. ओळीत एकच जोड होता, हिरव्या पट्ट्यांचा. विहिरीचं पाणी गप्प, आणि त्यावर नीलम्मांचा कॅन एकटाच तरंगत होता.

दोरी तीन हातांवर होती. काठी विहिरीला टेकलेली होती. टॉवेल आप्पांच्या स्वतःच्या खांद्यावर होता. आप्पांनी यातलं काहीही बघितलं नाही. धोतर, शर्ट, चष्मा, खिशातला मोबाईल, सगळ्यासकट उडी मारली.

सुंदरराव बांधावरून ओरडत धावत आले. आप्पा एकदा तळाला जाऊन आले, दुसऱ्यांदा जाऊन आले. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा डोक्यावर शेवाळ आणि हातात जुनी बादली होती. आणि काठावर नीलम्मा केस पुसत उभ्या होत्या.

"काय झालं हो? कुनी पडलं का?"

आप्पांच्या तोंडातून आधी नुसतं पाणी आलं. मग म्हणाले, "तू... तू कुटं होतीस?"

"मोरीत गेलते. मोटारीच्या खोलीमागं. पाय धुवायला."

"आन चप्पल?"

"इसरले."

सुंदरराव आजही शपथेवर सांगतात की वहिनी काही इसरल्या नव्हत्या. कॅन सोडून पाण्यात सारलेला त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितला. नीलम्मा म्हणतात, सुंदररावांना बांधावरून एवढं लांबचं दिसत असतं तर उसातली रानडुकरं नसती दिसली? या वादात कोणी पडत नाही.

आप्पा चिंब धोतरानं जड होऊन पायरी धरायला धडपडत होते. नीलम्मांनी केस पुसायच्या टॉवेलचं एक टोक हाताला गुंडाळलं आणि दुसरं खाली टाकलं.

"धरा," त्या म्हणाल्या. "आदी दोरी, मग काठी, मग टॉवेल. उडी कशापायी मारली? नेम हाय न्हवं?"

आप्पा टॉवेल धरून वर आले. मोबाईल तांदळात ठेवला, तो काही उठला नाही. दुपारी जेवायला बसले, आणि पहिली भाकरी संपायच्या आत, न मागता, दुसरी भाकरी ताटात आली. वर लोण्याचा गोळा.