पाणी कसं आहे, काकू?

रविवारी सकाळी अकरा वाजता टीव्हीवर तो कार्यक्रम लागायचा आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी माझं डोकं फिरायचं. शहर सोडून खेड्यात राहायला गेलेल्या लोकांचा कार्यक्रम. दर आठवड्याला जोडपं नवं, गोष्ट तीच. आधी आकाशातून दिसणारं हिरवंगार रान, मग कोंबडा, मग दाढीवाला नवरा मातीच्या कपात चहा पीत सांगणार की त्यानं लठ्ठ पगाराची नोकरी सोडली. बायको कोऱ्या करकरीत सुती साडीत अंगण सारवणार. सारवणार म्हणजे काय, चार हात फिरवणार! बांगडीला शेणसुद्धा लागत नाही हो तिच्या. लग्न होईपर्यंत मी दर चार दिवसांनी घर सारवलंय. कोपरापर्यंत हात माखल्याशिवाय सारवण होत नसतं. आणि जाहिराती संपल्या की ती निवेदिका पुन्हा पहिल्यापासून सुरू, यांनी लठ्ठ पगाराची नोकरी सोडली.

"अवं माय, आत्ताच सांगतलं ना तू!" मी ओरडायचे.

आमचे हे पेपरामागून म्हणायचे, "बंद कर ना मंग."

"बंद काहून करू? पाहून राहिली ना मी!"

अमरावतीच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. वर्गात कधी 'मले-तुले' तोंडातून निघू दिलं नाही. पण तो कार्यक्रम लागला की माझी सगळी वऱ्हाडी बाहेर यायची. त्या लोकांच्या गावात डास नाहीत, साप नाही, लाइट जात नाही, मे महिना येत नाही. पावसाळ्यात चपलेला चिखल चिकटत नाही. आमच्या काळ्या मातीत आषाढात दहा पावलं चाला, मग पाय उचलून दाखवा म्हणावं.

आता उगाच कशाला लपवू? मी जळायचे. अगदी पोटातून जळायचे. माझं माहेर दर्यापूरच्या पुढं, पूर्णा नदीच्या अंगाला. रिटायर झाल्यापासून मला तिथं जाऊन राहायचं होतं. धाकट्या भावानं घराच्या पुढच्या दोन खोल्या माझ्यासाठी रिकाम्या ठेवल्या होत्या. दर दिवाळीला म्हणायचा, "ये ना ताई राहाले, कोनाची वाट पाहून राहिली?"

वाट यांची पाहत होते. आणि यांचं उत्तर ठरलेलं: "तिथी पेशीन काय? खारं पानी?"

ते खोटं नव्हतं. आमचा तो सगळा खारपाणपट्टा. जमीन अशी की नुसत्या ओलीवर हरभरा येतो, पण खालचं पाणी खारं. विहीर खोदा, बोअर मारा, खारंच लागणार. त्यात डाळ शिजत नाही, चहात दूध फाटतं. वर्षानुवर्षं तेच पिऊन किडनीनं गेलेली माणसं मी पाहिली आहेत. आता पिण्याचं पाणी वरच्या धरणातून नळानं येतं, तेही चार-आठ दिवसांतून एकदा. आमच्याकडे मुलगी द्यायची तर लोक घर-वावर नंतर विचारायचे, पहिले विचारायचे, पाणी कसं आहे?

पण पाण्याचं निमित्त किती दिवस पुरणार? एकदा मी फारच धरून बसले तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "जायचंच हाय तं जाय ना मंग. कोनं धरलं तुले?" त्या दिवशी मी बॅग काढली आणि संध्याकाळी परत माळ्यावर ठेवली. मला गाव पाहिजे होतं आणि कूलरही पाहिजे होता. दोन चौकांवर असलेला डॉक्टरही पाहिजे होता. टीव्हीवरची ती माणसं एका बॅगेत संसार भरून निघून जायची, आणि मी माझ्याच गावाला जाऊ शकत नव्हते. म्हणून जीव जळायचा.

वर ते कार्यक्रमवाले जातात कुठं, तर कोकणात, नाहीतर सह्याद्रीच्या कुशीत. आमच्या वऱ्हाडाचं नाव कोणी घेईल तर शपथ. एका रविवारी मी इतकी चिडले की उभी राहिले आणि टीव्हीलाच सुनावलं, "धुकं पाहाले सगळेच जातात! हिंमत असंन तं आमच्या गावाले या म्हना, दर्यापूरले! ते खारं पानी पिऊन दाखवा म्हना!"

आमची आणि शेजारच्यांची भिंत एक. शेजाऱ्यांचा मुलगा कॉम्प्युटरवर घरूनच काम करायचा. पुण्याहून बायकोला घेऊन आईबापांकडे राहायला आला होता. सून पुण्यातच वाढलेली, बोलणं स्वच्छ, वागणं गोड. त्याच संध्याकाळी ती दारात उभी.

"काकू, तुमचं गाव कोणतं हो? सकाळी ऐकू आलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती हसली नाही. आत येऊन बसली आणि म्हणाली, त्या दोघांनाही तो कार्यक्रम फार आवडतो, दोघं वर्षभर शेत शोधत आहेत, तिकडं थोडी जमीन मिळेल का? मी म्हटलं, बघू. मनात म्हटलं, घ्या, आता माझ्याच गावाला निघाले!

जानेवारीत त्यांच्या गाडीतून आम्ही गेलो. भावाच्या वावराला लागून तीन एकर विकायला होतं. त्या वावरात मी लहानपणी कापूस वेचलाय, बांधावर फ्रॉकच्या ओच्यात बोरं भरली आहेत. हरभरा गुडघ्यापर्यंत आला होता. ती पोरगी चपला काढून आत गेली, एक घाटा सोलून तोंडात टाकला आणि डोळे मिटून उभी राहिली. अगदी टीव्हीतल्यासारखी! पण हिचा आनंद खरा होता, आणि तेच मला सोसवेना.

"किती हिरवं आहे! पाणी कसं आहे, काकू?"

तिच्या पायाखाली सगळी ओल होती, विहिरीचं थेंबभर पाणी नव्हतं. एवढंच सांगायचं होतं. मी म्हटलं, "जमीन लय चांगली हाय."

 तिनं बांधावर येऊन परत विचारलं, "आणि पाणी?"

"बोअर मारलं की लागतंच पाणी," मी म्हटलं. लागतंच ना. मी खोटं कुठं बोलले?

खोटं त्यानंतर बोलले. भावानं मला बाजूला घेतलं. "ताई, यायले पान्याचं सांगतलं ना तू? नाई तं मी सांगतो. उगाच त्यायची फसगत नको."

"हाव, सांगतलं," मी म्हटलं. "तू नको बोलू आता."

भावानं मान हलवली. माझ्या शब्दावर तो कधीच शंका घेत नाही. परतताना मांडीवर हरभऱ्याचा टहाळ होता आणि पुढच्या सीटवरून तिनं तिसऱ्यांदा विचारलं, "काकू, पाण्याचं काही टेन्शन नाही ना?" मी टहाळाचे घाटे तोडत राहिले. ऐकू आलं नाही असं केलं. मनात म्हणत होते, बोअर मारा, चहा करा, फाटू द्या दूध. तुमचं टीव्हीचं खूळ एका उन्हाळ्यात उतरेल आणि बॅगा घेऊन परत याल. आपण नाही गेलो ना, मग कोणीच जाऊ नये. इतकी नीच इच्छा होती माझी, आणि ती करताना मला बरं वाटत होतं.

त्यांनी जमीन घेतली. मी बोअरच्या बातमीची वाट पाहू लागले. ती दिसली की साळसूदपणे विचारायचे, "मंग, कधी मारता बोअर?"

"बघू, काकू," ती म्हणायची.

त्यांनी बोअर मारलंच नाही. उन्हाळ्यात शेततळं खोदलं, पावसाचं पाणी धरायला. मला वाटलं, भावानं शेवटी सांगितलं असणार. विचारायची सोय नव्हती, विचारलं तर माझंच पितळ उघडं पडलं असतं. घर बांधून होईपर्यंत ती दोघं राहिली कुठं? भावाच्या पुढच्या दोन खोल्यांत! माझ्या खोल्यांत! भावाचा फोन आला की पाच मिनिटं तिचंच कौतुक. "पोट्टी लय कामाची हाय, ताई. वावरात निंदाले जाते बायायसोबत." भावजय सांगायची, तिला गोवऱ्यांवर रोडगे भाजता येतात आता. कोथिंबिरीला सांबार म्हणते! मी फोन ठेवून भांडी अशी आपटायचे की हे आतून विचारायचे, "काय फुटलं?"

नेमका याच हिवाळ्यात तो कार्यक्रम तिच्याकडे गेला.

रविवारी शेजारी-पाजारी सगळे आमच्याकडे जमले, आमचा टीव्ही मोठा म्हणून. तिचे सासू-सासरे पुढं बसले. आकाशातून रान दिसलं, आणि ते माझं गाव होतं. मारुतीचं देऊळ, शाळा, भावाचं पत्र्याचं छप्पर.  मग ती आली, काळवंडलेली, हाताला भेगा, अंगावर भावजयीची जुनी साडी. ती साडी मीच भाऊबीजेला नेली होती. निवेदिकेनं लठ्ठ पगाराचं विचारून झाल्यावर विचारलं, या भागात पाण्याचा प्रश्न आहे, तुम्हाला आधी कल्पना होती का?

मी रिमोट शोधू लागले.

"होती ना," ती हसून म्हणाली. "आमच्या शेजारच्या काकू याच गावच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. भिंतीपलीकडून ओरडून सांगितलं होतं, हिंमत असेल तर आमचं खारं पाणी पिऊन दाखवा! मग आम्ही आधी सगळी माहिती काढली, शेततळ्याचं ठरवलं आणि मगच इथं आलो."

घरात हशा पिकला. तिच्या सासूबाईंनी माझा हात धरला, डोळ्यांत पाणी. "तुमच्यामुळं पोरं फसली नाहीत हो." आमचे हे माझ्याकडे पाहत म्हणाले, "मले बोलली नाई तू कधी." मी चहा टाकायला म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

म्हणजे तिला माहीत होतं. हरभऱ्यात उभी राहून विचारलं तेव्हा माहीत होतं, बांधावर माहीत होतं, गाडीत माहीत होतं. मी टहाळाचे घाटे तोडत होते तेव्हा ती पुढच्या आरशात मला पाहत होती.

सगळे गेल्यावर मी फोन लावला. तिनं लगेच उचलला. "पाहिलंत, काकू?"

"पाहिलं." मग माझ्यानं राहवलं नाही. "पोरी, तुले माहीत होतं तं मले तीनदा काहून विचारलं?"

 मागं कोणाची तरी बकरी ओरडत होती.

"तुम्ही सांगाल वाटलं होतं, काकू."

"मंग टीव्हीवर माही लाज काहून राखली?"

"तुम्हाला परत यायचंय ना इथं राहायला? तुमचे भाऊ नेहमी म्हणतात. खोल्या रिकाम्या केल्यात आम्ही, सारवूनही ठेवल्यात."

मला रडू आलं. रडताना सुचेना काय बोलावं, काहीतरी तिला द्यावंसं वाटलं, वर्षापूर्वी द्यायला पाहिजे होतं ते. म्हटलं, "ऐक पोरी. नळाचं पानी संपलं अन् खाऱ्या पान्यात चहा करा लागला, तं त्यात दूध उकळू नको. दूध येगळं तापव. चहा खाली उतरव, कपात गाळ, अन् मंग वरून दूध घाल. फाटत नाई. माही माय तसा करत होती."

"माहीत आहे, काकू," ती म्हणाली. "वहिनींनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं."

खोटं कशाला सांगू, तेवढ्यातही मला भावजयीचा हेवा वाटला. फोन ठेवला आणि स्टूल घेऊन माळ्यावरची बॅग काढली. यांनी पेपर खाली केला.