पाण्याचे वैरी आकारामतात्या

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर आकारामतात्या म्हशीखाली बसले की गिऱ्हाइके पेले घेऊन रांग लावीत. धार पेल्यात आणि पेला तोंडाला, एवढाच व्यवहार. दुधात पाणी घालणाऱ्यांनी शहराची जीभ बिघडवावी आणि तक्रार केल्यास ‘पावसाळ्यात म्हैसच पाणी जास्त पिते’ असे निर्लज्ज उत्तर द्यावे, असा तो काळ. तात्यांच्या कट्ट्यावर मात्र पाण्याचा तांब्यासुद्धा दिसत नसे. म्हशीची कासही ते घरूनच धुऊन, पुसून आणीत.

चौऱ्याहत्तर साली, दिवाळीच्या तोंडावर, तात्यांच्या छातीत कफ भरला, ताप चढला आणि गल्ली दणाणून सोडणारा आवाज पार बसला. एरवी शेजाऱ्यांनी नवस फेडला असता. परंतु दिवाळीच्या पाडव्याला रिवाजाप्रमाणे म्हशी सजवून गर्दीसमोर पळवायच्या होत्या, आणि मोरपिसांचा तुरा मिरवणारी त्यांची म्हैस सगुणी सायकलमागे धावे ती केवळ तात्यांच्या हाकेवर. पत्नी चिमणाबाईंनी तशीच हाक मारून पाहिली. सगुणीने एक कान हलवला आणि रवंथ पुढे चालू ठेवला.

डॉक्टर मीरासाब मुल्लाणींनी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सुली दिल्या आणि त्या पाण्याबरोबर घेण्यास बजावले.

तात्या घरी येऊन घोगरे हसले. “डॉक्टर बिचारा घरी कुणाचं तरी पाणचट दूध पीत असणार. त्याला दूध काय नि पाणी काय, सारखंच की.”

“अवो, पर त्यांनी सांगितलंय तर—” चिमणाबाई म्हणाल्या.

“आपल्या घरात औषध पाण्यानं गिळायचं? लोक काय म्हणतील?”

म्हणून प्रत्येक कॅप्सूल धारोष्ण दुधाबरोबर पोटात गेली. खोकला हटेना, तेव्हा औषधाला जोर कमी पडतो असे ठरवून त्यांनी पेल्याऐवजी चरवी तोंडाला लावली. पोट सुटले, आवाज काही सुटेना.

पाडवा आठवड्यावर आला असताना डॉक्टर स्वतः दूध प्यायला कट्ट्यावर आले. त्यांच्या देखत तात्यांनी कॅप्सूल जिभेवर ठेवली आणि फेसासकट दूध घशाखाली उतरवले.

“तात्या, हे रोज असंच चालतंय व्हय?”

“व्हय की. निर्भेळ हाय.”

“तिथंच घोटाळा झालाय. दुधातलं कॅल्शियम ह्या औषधाला मिठी मारून बसतंय. मग ते रक्तात उतरत न्हाय, आलं तसं भायेर जातंय.”

रांगेतले हंबीरराव पैलवान पुढे सरकले. “डॉक्टर, कोल्हापुरात उभं राहून दुधाला नावं ठेवताय. छाती लई मोठी हाय तुमची.”

“दुधात खोट न्हाय, पैलवान. फक्त दोघांची गाठ पडू द्यायची न्हाय. कॅप्सूल पाण्याबरोबर, आणि पुढं दोन तास दूध, दही, ताक बंद.”

“सगुणीचं बी?” तात्यांनी कळवळून विचारले.

“सगुणीचं तर आधी. त्यात पाणी न्हाय ना.”

झाले. सकाळची कॅप्सूल कट्ट्याच्या वेळेतच येई, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर तांब्या दिसला, आणि दुपारपर्यंत सगळ्या पेठेत बोभाटा झाला की आकारामकडे पाणी आले. या शहरात सत्य पायी चालते आणि संशय सायकलवर. तेव्हा तात्यांनी तोड काढली. ते तांब्या घेऊन रस्त्यापलीकडे जात, म्हशीकडे पाठ करून कॅप्सूल गिळत, तांब्या उपडा करून शेवटचा थेंब रस्त्यावर झटकत, आणि हंबीररावांनी आत बोट फिरवून “कोरडा हाय” असे जाहीर केल्यावरच धारेला बसत.

हळूहळू कफ सुटला, ताप उतरला. एके सकाळी रांग मोडणाऱ्या पावण्यावर तात्या गरजले, तेव्हा रांगेतल्या सर्वांनी आनंदाने ती शिवी आपलीच मानली.

पाडव्याला सायकलवर टांग टाकून त्यांनी हाक दिली. पहिली फाटली. दुसरी थेट पंचगंगेच्या घाटापर्यंत गेली. सगुणीने मान उचलली आणि अशी धावली की तुरा एका कानावर आला; शेवटी सायकल तिच्या मागे आणि तात्या हाका मारून तिलाच थांबवताहेत, असे दृश्य लोकांना पाहायला मिळाले.

धापा टाकणाऱ्या तात्यांपुढे चिमणाबाईंनी दुधाचा पेला धरला. तात्यांचा हात पुढे झाला आणि थबकला.

“कॅप्सूल कवा घेतलती मी?”

“आत्ताच की, निघताना.”

तात्यांनी पेला गर्दीतल्या डॉक्टरांच्या हाती दिला, आणि अख्ख्या गंगावेशीसमोर, तोंड वाकडे करून, तांब्याभर पाणी प्यायले.