टाकणारीची चूक

टप्पाताईच्या नावापुढे शून्य होतं. नोटीसबोर्डवर रुग्णालयाच्या महिला बास्केटबॉल संघातल्या बाराजणींची यादी लागली होती, प्रत्येकीपुढे तिने वर्षभरात केलेले गुण, आणि सगळ्यात खाली ही बाई. चौदा सामने, गुण शून्य. तिच्यावर तिची नणंद, गुण सहा. खाली लाल शाईत सूचना होती: पुढच्या वर्षी संघ अकराजणींचा राहील, एकीला वगळण्याचा निर्णय अंतिम सामन्यानंतर होईल.

टप्पाताईने ती सूचना एकदा वाचली आणि मळक्या चादरींची गाडी ढकलत पुढे गेली. मरो ते शून्य, असं ती मनाशी म्हणाली. पण मेलं कुठलं? उताराच्या रस्त्याने तळघरातल्या धुलाई विभागात पोचेपर्यंत तिचे कान तापले होते. एकोणीस वर्षं चादरी धुतल्यावर आणि सहा वर्षं या संघासाठी गुडघे फोडून घेतल्यावर असा कागदी पाणउतारा कोणालाही झोंबेल.

मुळात ती पास देणारी होती. बास्केटकडे चेंडू टाकावा असं तिला कधी वाटलंच नाही. समोरची दोन्ही हात वर करून उभी राहिली की ही खाली वाकून तिच्या पायाशेजारून चेंडू असा जमिनीवर आपटायची की तो पलीकडच्या मैत्रिणीच्या थेट कमरेपाशी उसळायचा. त्या टप्प्यावरूनच तिला हे नाव पडलं. जवळची मोकळी असेल तर छातीपासून सरळ पास, मनगटं बाहेर वळलेली, अंगठे शेवटी जमिनीकडे. धावणारीला द्यायचा तर ती जिथे आहे तिथे नाही, जिथे पोचणार आहे तिथे. घरी नवरा चिडवायचा, "चौदा सामन्यांत शून्य? अगं, चुकूनसुद्धा एखादा पडतो!" हा माणूस रुग्णवाहिका चालवतो. त्यावर ती म्हणायची, "तुम्ही पेशंट दारात पोचवता. ऑपरेशन करायला आत जाता का?"

तिचं हे सगळं शिक्षण तळघरातलं. धुलाईच्या यंत्रापासून वाळवणीच्या यंत्रापर्यंत चार-पाच पावलांचं अंतर, मधली फरशी कायम ओली, गाडी घसरते. म्हणून बायका ओल्या चादरींचे गठ्ठे एकमेकींकडे फेकतात. एक गठ्ठा चांगला चार किलोंचा. त्याचा नियम कुठेही लिहिलेला नाही, पण तो मोडायची कोणाची टाप नाही: आधी डोळ्याला डोळा, मगच फेकायचं. आणि गठ्ठा जमिनीवर पडला तर चूक टाकणारीची. झेलणारीचे हात निसटोत, तिला शिंक येवो, काही होवो. टाकणारीने तो उचलायचा आणि पुन्हा धुवायचा.

संघात पाचजणी धुलाई विभागातल्या, आणि पहिल्या वर्षी याच सवयीने त्यांचे बारा वाजवले. पास देण्याआधी प्रत्येकजण मैत्रिणीच्या डोळ्यांत बघत थांबायची, तेवढ्यात समोरची मध्ये हात घालून चेंडू पळवायची. टप्पाताईने स्वतःची ती खोड जिद्दीने मोडली. एकीकडे बघायचं, दुसरीकडे द्यायचं. घरी नवऱ्याशी भाजीबद्दल बोलता बोलता, त्याच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता, ती मोज्यांचा गोळा नणंदेकडे फेकायची. पहिले दोन महिने तो नवऱ्याच्याच कानाला लागला.

या वर्षी नवे क्रीडा अधिकारी आले. वयाने लहान, स्वतः चांगले खेळलेले, पण सगळा जीव आकड्यांत. अंतिम सामन्याच्या आदल्या दुपारी त्यांनी तिला बोलावलं.

"ताई, उद्या एकदा तरी बास्केटवर टाका. एक पडला तरी मला वर दाखवायला काहीतरी होईल."

"मी दिलेल्या पासवर किती पडले ते मोजलंत का, साहेब?"

"तसा रकाना नाही."

"मग रकाना पाडा. पट्टी आणून देऊ?"

साहेब हसले, पण रकाना काही पडला नाही. बाहेर आल्यावर मात्र तिने मनाशी हिशेब मांडला. आठवड्यातल्या सरावाच्या तीन संध्याकाळी गेल्या तर तिच्याकडे उरणार काय होतं? चादरी, स्वयंपाक, पुन्हा चादरी. कोर्टावर कोणी तिच्यासाठी ओरडायचं. घरात तीच सगळ्यांसाठी ओरडायची.

सामना टपाल खात्याच्या बायकांशी होता. शेवटची काही सेकंदं उरली, रुग्णालय एका गुणाने मागे, आणि चेंडू टप्पाताईच्या हातात. ती बास्केटपासून चार पावलांवर होती. बाजूच्या रेषेवरून साहेब ओरडले, "टाका! ताई, टाका!" दोघीजणी तिच्यावर धावून आल्या. त्याच क्षणी तिला डाव्या कोपऱ्यातून आत घुसणारी नणंद दिसली, एकदम मोकळी, समोर चिटपाखरू नाही. टप्पाताईने उजवीकडे मान वळवली, उजवीकडच्या मैत्रिणीकडे डोळे रोखले आणि चेंडू डावीकडे टप्प्याने सोडला. धावून आलेल्या दोघीही फसल्या. नणंदही फसली. धुलाईतल्या जुन्या सवयीने ती वहिनीच्या डोळ्यांकडे बघत होती, आणि ते डोळे तिच्याकडे वळलेच नाहीत. चेंडू तिच्या बोटांना लागून रेषेबाहेर गेला आणि वेळ संपल्याची शिट्टी वाजली.

नणंद तिथेच बसली. टपालवाल्या उड्या मारत होत्या.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर साहेब वही घेऊन उभे होते. पराभवाचं कारण वरच्या कचेरीत लेखी द्यायचं होतं.

"ताई, पास उत्तम होता, मी पाहिला," ते हळू आवाजात म्हणाले. "तिच्या हातातून सुटला. तेवढं तुम्ही सांगितलंत की मी लिहितो. तिचं नाव निघेल, तुम्ही राहाल. खरं सांगतो, मला तुम्हीच हव्या आहात."

दार अर्धवट उघडं होतं. आत नणंद बुटाची नाडी सोडत होती. ती कधीची सुटली होती, तरी बाई सोडतच होती.

हो म्हटलं असतं तर टप्पाताईची जागा राहिली असती, आणि तिला ती जागा हवी होती. अगदी हावऱ्यासारखी हवी होती. ती तशी कोणी संतीण नव्हे. पण आपण कोणाकडे बघत होतो आणि चेंडू कोणाकडे गेला, हे तिच्याइतकं स्वच्छ कोणाला माहीत होतं?

"लिहा," ती मोठ्याने म्हणाली, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "पास चुकला. मी तिच्याकडे बघितलंच नाही, तिला कळणार कसं? पडलं की टाकणारीचं. आमच्याकडे हेच चालतं."

"तुमच्याकडे म्हणजे धुण्याकडे? ताई, हा खेळ आहे."

"मग तुमच्या खेळापेक्षा आमचं धुणं बरं. लिहा, आणि माझं नाव शुद्ध लिहा."

त्यांनी लिहिलं. टप्पाताईचं नाव संघातून निघालं. घरी नणंद रडत म्हणाली, "वहिनी, मीपण सोडते." टप्पाताई भडकलीच. "खबरदार! तुझ्यापायी जागा घालवून बसले ती काय गंमत म्हणून? तू खेळायचंस." आणि मग स्वयंपाकघरात जाऊन, भांडी जरा जास्तच आपटत, ती रडली.

सोमवारी काम संपल्यावर ती कोर्टावर हजर. साहेबांच्या संघाचा सराव अजून सुरू व्हायचा होता. तिच्यामागे धुलाई विभागातल्या सातजणी होत्या. त्यांच्यापैकी एकीनेही आजवर चेंडूला हात लावला नव्हता, आणि एक तर येत्या वर्षात निवृत्त होणार होती. टप्पाताईने त्यांना समोरासमोर उभं केलं आणि पहिली गोष्ट सांगितली, "डोळ्याला डोळा विसरायचं नाही. पण बघायचं आधी, देताना नाही. माझी चूक तुम्ही करू नका." तीन आठवड्यांत त्यांचे पास कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चेंडू खाली न पडता जाऊ लागले. चार किलोंचे गठ्ठे फेकणाऱ्या हातांना चेंडू म्हणजे हातचा मळ.

मग ती साहेबांच्या टेबलावर अर्ज घेऊन गेली. स्पर्धेच्या नियमात प्रत्येक विभागाला स्वतःचा संघ, रुग्णालयाच्या मुख्य संघाविरुद्धसुद्धा, उतरवता येत होता. हा नियम तिने शोधून, खूण करून सोबत आणला होता. साहेबांनी तो दोनदा वाचला. नाकारायला जागा नव्हती. सही करता करता त्यांनी नावांवरून नजर फिरवली.

"आठजणी, आणि एकीलाही बास्केटवर टाकता येत नाही. ताई, तुमच्याकडून गुण कोण करणार?"

"ते कोण करणार हे तुम्ही शोधा, साहेब," टप्पाताई सही वाळायची वाट न बघता कागद ओढून घेत म्हणाली. "अडवायचं तुम्हाला आहे."