कान कापलेली पुस्तकं

माघात वडील गेले. बाराव्याला गुरुजींनी खापरपणजोबांचं नाव विचारलं. घरात वाचणारी मी, म्हणून भावाने माझ्याकडे पाहिलं. मला ते ठाऊक नव्हतं. "नसेल तर देवाचं नाव घेऊ," असं म्हणून गुरुजी पुढे गेले. मी तिथेच राहिले. वर्षश्राद्धाच्या आत ते नाव शोधायचं ठरवलं.

वैशाखात एसटीने बारामतीला उतरले आणि वडगाव निंबाळकर गाठलं. तिथे वडिलांची मावसबहीण राहते. "तुझ्या बापाची मानसं पळसदेवाकडं मेंढरं घिऊन असायची," आत्या म्हणाली. "नावं इचारू नगंस. मी आईकडनं नात्यातली."

दुसऱ्या दिवशी पळसदेवला पोचले. उजनीचं पाणी उतरलं होतं आणि जुनं देऊळ पायथ्यापर्यंत उघडं झालं होतं. एरवी पाण्याखाली असणाऱ्या गाळावर हिरवं उगवलं होतं, त्यात मेंढरं चरत होती. मी देवळाच्या सावलीत वडिलांचं एक पुस्तक उघडलं. जरा डोळा लागला तेवढ्यात एका मेंढीने ते ओढून नेलं.

लाल पटक्याचे एक म्हातारे धावले. "आमची मेंढरं अडानी, बाई. पर पुस्तकावर लई जीव." त्यांनी पुस्तक धोतराला पुसलं आणि पहिलं पान पाहून थांबले. त्या पानाच्या कडेला एक उभा छेद होता आणि खाली अर्धचंद्र.

"ह्यो कान कुनी कापला?"

"वडिलांनी. आपलं पुस्तक ओळखू यावं म्हणून सगळ्याच पुस्तकांना कापायचे. आजोबांची सवय."

त्यांनी जवळची मेंढी धरली आणि तिचा कान पानाशेजारी आणला. तोच छेद, तोच अर्धचंद्र.

"मास्तर व्हते का वडील? मग पुस्तकांचाच कळप केला म्हना की."

मी आजोबांचं नाव सांगितलं, मग पणजोबांचं, रामा. ते खाली बसले. "रामा माझ्या आज्याचा भाऊ. म्हंजे मी तुझा चुलता हाय. आता अहो-जाहो बंद."

"तात्या, रामाच्या वडिलांचं नाव?"

"धुळा. ही खूण त्याचीच. माणदेशातनं मेंढरं घिऊन त्योच हितं आला. पोरं भांडली, मेंढरं वाटली. पर कान कुनी बदलला न्हाय."

मी त्यांना ते नाव पुन्हा म्हणायला लावलं.

तात्यांच्या घरी काकूंनी भाकरी आणि हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ कालवण) वाढलं. "पुस्तकाचं कान कापतो म्हनल्यावर लोक काय म्हनत असतील गं?"

"आमच्याकडे उंदीर झालेत म्हणायचे."

तात्यांना ठसका लागला. माघानंतर मी पहिल्यांदा हसले, तेही तोंडात घास असताना.

परतताना एसटीत पुस्तक उघडलं, पण वाचलं नाही. पानाच्या त्या छेदावर बोट ठेवून बसले. वडील एवढी वर्षं कळप राखत होते आणि घरात कुणालाच कळलं नव्हतं.

वर्षश्राद्धाला भावाने धुळा हे नाव मोठ्याने घेतलं. वडिलांची पुस्तकं आता माझ्या कपाटात आहेत. नवं पुस्तक आणलं की मी त्याचा कान कापते.